सिक्युरिटी आर्किटेक्ट व्हायचे, तर सुरुवात कुठून करावी?

कळसूत्र

नमस्कार. मी काही वर्षांपासून एसओसीमध्ये, म्हणजे संस्थेच्या यंत्रणांवर नजर ठेवणाऱ्या सुरक्षा केंद्रात, काम करतो. अलर्ट आला की लॉग तपासायचे, तो खरा की खोटा हे ठरवायचे, खरा निघाला तर संबंधित यंत्र नेटवर्कपासून तोडायचे आणि अहवाल लिहून पुढच्या गटाकडे सोपवायचा, असे या कामाचे स्वरूप आहे. काम आवडीचे आहे. परंतु एकाच प्रकारच्या घटना पुन्हा पुन्हा समोर येतात आणि ज्या रचनेमुळे त्या घडतात ती बदलण्याचा अधिकार आमच्या हाती नसतो, हे आता खटकू लागले आहे. म्हणून पुढची वाटचाल सिक्युरिटी आर्किटेक्चरच्या दिशेने करावी असे मनात आहे.

शोध घेतला तेव्हा प्रमाणपत्रांच्या लांबलचक याद्या मिळाल्या, पण आर्किटेक्ट दिवसभर नेमके काय करतो याचे धड उत्तर कुठे मिळाले नाही. त्यामुळे जाणकारांना विचारतो: या कामाचा गाभा कोणता, प्रोग्रॅमिंग किती यावे लागते, आणि घटना हाताळण्याचा अनुभव इथे उपयोगी पडतो की सगळे मुळापासून शिकावे लागते?

जुनाखांब

कोणत्या घटकाने कोणावर, किती आणि कशाच्या आधारे विश्वास ठेवायचा हे ठरवणे, आणि तो विश्वास फोल ठरला तर नुकसान कुठे थांबले पाहिजे हेही आधीच ठरवून ठेवणे, हा या कामाचा गाभा आहे. फायरवॉल, एन्क्रिप्शन, लॉगिनच्या पद्धती ही ते निर्णय अमलात आणण्याची साधने आहेत. साधनांची माहिती असलेले लोक पुष्कळ भेटतात. निर्णय घेऊन त्यामागची कारणे कागदावर उतरवणारे कमी भेटतात.

तुमच्या सध्याच्या कामात आणि या कामात फरक कुठे पडतो ते एका प्रसिद्ध घटनेवरून पाहा. २०१३ साली टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीवर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर वातानुकूलन आणि शीतकरणाची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या चोरलेल्या लॉगिनमधून आत शिरले आणि सुमारे ४ कोटी कार्डांचे तपशील घेऊन गेले. मालवेअर ओळखणाऱ्या यंत्रणेने त्या काळात इशारेही दिले होते. एसओसीत बसलेला माणूस साहजिकच विचारेल की ते इशारे वेळेत का तपासले गेले नाहीत. आर्किटेक्टने विचारायचा प्रश्न याच्या आधीचा आहे: कंत्राटदारांसाठीच्या दालनातून निघून पैसे स्वीकारणाऱ्या यंत्रांपर्यंत पोहोचता येईल असा मार्ग मुळात अस्तित्वात का होता, आणि तो असू द्यावा असे कोणी ठरवले होते? बहुतेक ठिकाणी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे असते. रचना कोणी ठरवली नाही तरी ती तयार होतच असते, फक्त तिला कोणी जबाबदार नसते.

वाचनाची सुरुवात जुन्या गोष्टींपासून करावी असे माझे मत आहे. साल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ साली माहितीच्या संरक्षणावर जो निबंध लिहिला, त्यात किमान अधिकार, नियम लागू होत नसेल तर प्रवेश नाकारणे, प्रत्येक वेळी नव्याने तपासणी, यंत्रणा साधी ठेवणे आणि वापरणाऱ्याला झेपेल अशीच ठेवणे अशी आठ तत्त्वे मांडलेली आहेत. उत्पादने दर काही वर्षांनी बदलतात. या तत्त्वांपैकी कोणते मोडले गेले हे मात्र आजही जवळजवळ प्रत्येक घटनेच्या अहवालात बोट ठेवून दाखवता येते.

तिरकस

जुनाखांब यांनी कामाचे आदर्श रूप सांगितले आहे. मी बाजारातले रूप सांगतो, कारण अर्ज तिथेच करायचा आहे. ‘सिक्युरिटी आर्किटेक्ट’ या एका नावाखाली किमान तीन वेगवेगळी कामे विकली जातात. एकात संपूर्ण संस्थेची सुरक्षेची दिशा आणि मानके ठरवायची असतात. दुसऱ्यात एकेका प्रकल्पाची रचना तपासून तिला आकार द्यायचा असतो. तिसऱ्यात तुम्ही प्रत्यक्षात अनुभवी फायरवॉल अभियंतेच असता, फक्त पदनाम भारदस्त असते. तिसरे काम वाईट नाही, पण ते पहिल्या दोघांकडे आपोआप नेत नाही.

ओळखण्यासाठी मुलाखतीत दोन प्रश्न अवश्य विचारावेत. आधीच्या आर्किटेक्टने लिहिलेला एखादा निर्णय, गोपनीय भाग वगळून, समजावून सांगता येईल का, हा पहिला. आणि प्रकल्पाच्या प्रमुखाने आर्किटेक्टचा सल्ला डावलायचा ठरवला तर तो वाद कोणाकडे जातो, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे देताना समोरचे एकमेकांकडे पाहू लागले, तर काय समजायचे ते समजावे.

ओळखपत्र

माझे क्षेत्र आयडेंटिटी (कोण कोण आहे आणि त्याला काय करू द्यायचे हे ठरवणे) आणि क्लाउड हे असल्याने मी तेवढ्यावरच लिहितो, आणि थोडे विस्ताराने लिहितो, कारण नव्याने या वाटेवर येणारे बहुतेक जण नेटवर्कच्या आकृत्यांत रमतात आणि आयडेंटिटी हा विषय ‘लॉगिनचे पान’ समजून बाजूला ठेवतात.

२०१९ मधली कॅपिटल वन या बँकेची घटना अभ्यासासाठी घ्यावी. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती तिच्यात बाहेर गेली. वेब ॲप्लिकेशन फायरवॉलच्या मांडणीत त्रुटी होती; तिचा फायदा घेऊन हल्लेखोराने त्या सर्व्हरलाच क्लाउडच्या अंतर्गत मेटाडेटा सेवेकडे (सर्व्हरला त्याची स्वतःची माहिती आणि किल्ल्या देणाऱ्या सेवेकडे) विनंती करायला लावले आणि उत्तरादाखल त्या सर्व्हरला नेमून दिलेल्या भूमिकेची, म्हणजे अधिकारांच्या संचाची, तात्पुरती किल्ली मिळवली. त्या भूमिकेला साठवणीतल्या फाइलींची यादी करण्याचे आणि त्या वाचण्याचे अधिकार होते. आता गंमत पाहा: साठवलेला डेटा एन्क्रिप्ट केलेला होता, तरी त्याचा उपयोग झाला नाही, कारण ज्या ओळखीने वाचन झाले तिला तो डेटा उलगडून मिळत होता. ‘डेटा साठवणीत एन्क्रिप्ट केला आहे का’ या रकान्यात बरोबरची खूण केली की काम झाले असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे. वाहतूक गाळण्यासाठी बसवलेल्या एका घटकाला ग्राहकांचा डेटा वाचण्याचा अधिकार कशासाठी हवा होता, हा प्रश्न रचनेचा आहे, आणि तो पॅच लावून सुटत नाही.

याच कारणाने ‘झिरो ट्रस्ट’, म्हणजे कोणी नेटवर्कच्या आत आहे एवढ्यावरून त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही संकल्पना मुळातून समजून घ्यावी. जॉन किंडरवॅग यांनी २०१० साली ती मांडली, आणि अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०२० च्या ऑगस्टमध्ये ८००-२०७ क्रमांकाच्या प्रकाशनात तिची रचना नेमक्या शब्दांत लिहिली. प्रवेशाचा निर्णय घेणारा घटक वेगळा आणि तो निर्णय अमलात आणणारा घटक वेगळा, ही त्यातली विभागणी एकदा डोक्यात बसली की विक्रेता जेव्हा ‘हे घ्या, झिरो ट्रस्ट झाले’ असे म्हणतो, तेव्हा तो दोहोंपैकी नेमका कोणता भाग विकतो आहे हे तुम्हाला विचारता येते. त्याच्या जोडीला केर्बेरॉस, सॅमल, ओऑथ २.० आणि ओपनआयडी कनेक्ट या ओळख आणि प्रवेशाच्या पद्धतींत टोकन (प्रवेशाचा तात्पुरता परवाना) कोण देतो, कोणासाठी देतो, ते किती काळ चालते आणि रद्द कसे होते, हे स्वतः आकृती काढून सांगता आले पाहिजे.

अर्धविराम

प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: लिहिता कमी आले तरी चालेल, वाचता आलेच पाहिजे. मी स्वतः सॉफ्टवेअर बांधणीतून या कामाकडे आलो, त्यामुळे माझे मत थोडे एकांगी असू शकेल. पण डेव्हलपर जेव्हा म्हणतो की ‘अधिकाराची तपासणी आम्ही गेटवेवर करतो’, तेव्हा मागची सेवा गेटवेला वळसा घालून थेट हाक मारल्यास काय करते, हे कोड उघडून पाहण्याची तयारी नसेल तर त्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागते. क्लाउडची रचनाही आता टेराफॉर्मसारख्या साधनांत मजकूर म्हणून लिहिली जाते. ती वाचता येत नसेल तर तुम्ही तपासता ती फक्त आकृती, आणि चालू यंत्रणा वेगळीच असते.

शिकण्याची सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे थ्रेट मॉडेलिंग, म्हणजे रचनेतले संभाव्य धोके आधीच शोधणे. ॲडम शोस्टॅक यांनी लोकप्रिय केलेले चार प्रश्न त्यासाठी पुरतात: आपण काय बांधत आहोत, यात काय बिघडू शकते, त्याबद्दल आपण काय करणार, आणि ते पुरेसे झाले का. दुसऱ्या प्रश्नापाशी सुचेनासे झाले की कोह्नफेल्डर आणि गर्ग यांनी १९९९ साली मायक्रोसॉफ्टमध्ये मांडलेली स्ट्राइड ही वर्गवारी हाताशी घ्यावी. तोतयेगिरी, फेरफार, कृती नाकबूल करणे, माहिती फुटणे, सेवा बंद पाडणे आणि अधिकार वाढवून घेणे अशा सहा अंगांनी ती विचार करायला लावते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने २०२१ च्या आपल्या दहा धोक्यांच्या यादीत ‘असुरक्षित डिझाइन’ हा नवा वर्ग घातला, तोही हेच सांगण्यासाठी की बिनचूक लिहिलेला कोड चुकीच्या रचनेला वाचवू शकत नाही.

एक स्पष्ट मत मांडतो. एसओसीतून थेट आर्किटेक्ट होण्याची घाई करू नये. मध्ये काही काळ एखादी यंत्रणा बांधण्याच्या आणि चालवण्याच्या कामात घालवावा. स्वतः काही चालवलेले नसेल तर इतरांनी काय चालवावे हे सांगण्याला वजन राहत नाही.

जुनाखांब

अर्धविराम यांच्या या शेवटच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. एसओसीतही बांधणीचे काम असते: लॉग कुठून आणायचे, किती काळ ठेवायचे, कोणत्या वर्तनावर नियम लिहायचा. हल्लेखोरांच्या पद्धतींची वर्गवारी करणाऱ्या मायटरच्या अटॅक या चौकटीशी आपले नियम ताडून पाहणारा माणूस हल्लेखोराचा प्रवास ज्या बारकाईने जाणतो, तो बारकावा बांधणाऱ्यांकडे क्वचित असतो. कळसूत्र यांनी विभाग बदलण्यापेक्षा आपल्याच गटातले हे काम मागून घ्यावे.

जोखीमदार

प्रमाणपत्रांचा विषय कोणी काढत नाही म्हणून मी काढतो. सीआयएसएसपी या सुरक्षेच्या प्रमाणपत्राला आठपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो. त्याचा अभ्यास विषयाचा आवाका दाखवतो आणि अर्जांच्या चाळणीतून नाव पुढे सरकवतो, पण रचना करायला शिकवत नाही. टोगॅफ ही संस्थेच्या आर्किटेक्चरची सर्वसाधारण चौकट आहे, सुरक्षेची नव्हे. साब्सा मात्र व्यवसायाच्या गरजेपासून सुरुवात करून प्रत्येक सुरक्षा-उपायापर्यंत धागा कसा न्यायचा हे शिकवते, आणि त्यातली ‘हा उपाय कोणत्या गरजेसाठी आहे’ हे मागे जाऊन दाखवण्याची सवय मला सर्वांत मोलाची वाटते. क्लाउडचे एखादे प्रमाणपत्र जिथे काम करायचे आहे त्या क्लाउडचे घ्यावे. याहून अधिक जमवण्यात वेळ घालवू नये.

आता माझ्या आस्थेचा मुद्दा. वरच्या प्रतिसादांत रचना उत्तम कशी असावी यावर पुष्कळ लिहिले गेले, पण ती उत्तम राहावी कशी यावर नाही. २०१७ साली इक्विफॅक्स या लोकांची कर्जविषयक माहिती ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला आणि १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली. अपाची स्ट्रट्स या वेब सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीचा पॅच (दुरुस्ती) मार्चमध्येच उपलब्ध झाला होता आणि तो लावला गेला नाही, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की एन्क्रिप्टेड वाहतूक उलगडून तपासणारे साधनही तिथे होते. मात्र त्यावरचे सर्टिफिकेट मुदत संपून पडून होते, त्यामुळे ती वाहतूक न तपासताच पुढे जात होती. जुलैच्या अखेरीस सर्टिफिकेट बदलले आणि संशयास्पद हालचाल लगेच दिसली. आकृतीत तो चौकोन होता आणि लेखापरीक्षणात त्याची नोंदही झाली असती. म्हणून माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक रचनेत मी तीन गोष्टी लिहून मागतो: हा उपाय बंद पडला तर ते कोणाला कळेल, किती वेळात कळेल, आणि बंद पडल्यावर वाहतूक थांबेल की मोकळी सुटेल. या तिन्हींची उत्तरे एसओसीत काम केलेला माणूस इतरांपेक्षा चांगली देऊ शकतो.

कळसूत्र

सर्वांचे आभार. बोलण्यापेक्षा काहीतरी लिहून दाखवावे असे वाटले, म्हणून मायकल नायगार्ड यांनी २०११ साली सुचवलेल्या निर्णय-नोंदीच्या पद्धतीने, म्हणजे पार्श्वभूमी, निर्णय आणि परिणाम अशा क्रमाने, एक नोंद लिहिली आहे. तपशील बदललेले आहेत.

पार्श्वभूमी: बॅकअपसाठी वापरल्या जाणाऱ्या एका सेवा-खात्याला (माणसासाठी नव्हे, प्रोग्रॅमसाठी असलेल्या खात्याला) सर्व सर्व्हरवर प्रशासकाचे अधिकार आहेत. हे खाते अनपेक्षित यंत्रांवरून वापरले गेल्याचे अलर्ट वारंवार येतात. बहुतेक वेळा कोणी तरी सोय म्हणून ते खाते वापरलेले असते. निर्णय: खात्याचा पासवर्ड व्हॉल्टमध्ये (पासवर्डच्या तिजोरीत) ठेवावा, तो ठरावीक काळाने बदलावा आणि बॅकअप सर्व्हरखेरीज अन्य यंत्रावरून वापर झाल्यास उच्च प्राधान्याचा अलर्ट द्यावा. परिणाम: पासवर्ड हातोहात फिरणे थांबेल आणि खोटे अलर्ट कमी होतील.

ओळखपत्र

नोंद स्वच्छ आहे, पण निर्णय लक्षणावर आहे. व्हॉल्टमुळे किल्ली सुरक्षित जागी राहते. ती किल्ली सगळी दारे का उघडते, हा प्रश्न जसाच्या तसा उरतो. बॅकअप सर्व्हर हल्लेखोराच्या ताब्यात गेला तर खाते योग्य यंत्रावरूनच वापरले जाईल आणि तुमचा अलर्ट वाजणारही नाही. विंडोजचे सर्व्हर असतील तर ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंटचा विचार करावा, कारण त्यांचा पासवर्ड यंत्रणा स्वतः बदलते, मूळ मांडणीत दर ३० दिवसांनी, आणि तो माणसाने लक्षात ठेवायचाच नसतो. त्याआधी सर्व्हरचे महत्त्वानुसार गट पाडून प्रत्येक गटाला स्वतंत्र खाते द्यावे, आणि डोमेन कंट्रोलरचे (सगळ्या खात्यांची ओळख तपासणाऱ्या सर्व्हरचे) खाते तर कोणत्याही परिस्थितीत वेगळे असावे. या खात्यांनी पडद्यासमोर बसून लॉगिन करणे धोरणानेच बंद करावे. मग ‘सोय म्हणून’ वापरणाऱ्यांचा प्रश्न अलर्टपर्यंत येणारच नाही.

जोखीमदार

नाकारलेले पर्याय नोंदीत नाहीत. दोन वर्षांनी कोणी विचारेल की एजंट (एक छोटा प्रोग्रॅम) बसवून प्रत्येक सर्व्हरने स्वतःच डेटा का पाठवू नये, तेव्हा तो विचार झाला होता की नाही हे कळले पाहिजे. शिवाय परिणामांत फक्त फायदे लिहिले आहेत. गट पाडले की खाती वाढतील, नवा सर्व्हर आला की तो कोणत्या गटात हे कोणीतरी ठरवावे लागेल, आणि तो वेळ बॅकअपच्या गटाचा जाईल. हा खर्च आधी लिहून त्यांच्या प्रमुखाची संमती घेतली तरच निर्णय टिकतो. जुन्या काही सर्व्हरना सूट द्यावी लागलीच, तर त्या सवलतीला मुदत आणि मालकाचे नाव असावे.

जुनाखांब

आणखी एक पायरी मागे जा. बॅकअप कशापासून वाचवण्यासाठी आहे? रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा मालवेअर) हे उत्तर असेल, तर ज्या डोमेनचे रक्षण करायचे त्याच डोमेनच्या ओळखींवर बॅकअपची यंत्रणा चालू नये. जून २०१७ मधल्या नॉटपेट्याच्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर जगभर एकमेकांशी जुळवलेले होते, म्हणून ते एकमेकांची प्रत ठरतील असा हिशेब होता, आणि ते सगळे एकत्रच पुसले गेले. वीज गेल्यामुळे घानातला एक कंट्रोलर त्या वेळी बंद होता, तेवढाच वाचला, आणि त्यावरून पुढची उभारणी झाली. जुळणी म्हणजे बॅकअप नव्हे, हे त्या कंपनीला खंडित विजेने शिकवले. तुमच्या नोंदीत बॅकअपचे प्रशासन स्वतंत्र ओळखींवर असेल आणि किमान एक प्रत ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही, अगदी प्रशासकालाही, पुसता येणार नाही, हे आले पाहिजे.

कळसूत्र

नोंद पुन्हा लिहायला घेतली आहे. गट तीन पाडले, डोमेन कंट्रोलर वेगळे काढले, एजंटचा पर्याय आणि तो सध्या नाकारण्याचे कारण लिहिले. बॅकअपचे प्रशासन मुख्य डोमेनबाहेर नेण्यापाशी मात्र अडलो आहे. स्वतंत्र ओळखी ठेवल्या तर त्या खात्यांच्या लॉगिनच्या नोंदी आमच्या नेहमीच्या वाटेने येत नाहीत, म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या यंत्रणेवरच आमची नजर राहत नाही. नोंदी आणायच्या तर दोन्हींमध्ये जोडणी करावी लागते, आणि वेगळे करण्याचा हेतू तिथेच अर्धा संपतो.

ओळखपत्र

जोडणीची दिशा ठरवा. बॅकअपच्या बाजूने नोंदी बाहेर पाठवल्या जाव्यात. नोंदी गोळा करणाऱ्या यंत्रणेकडे तिकडे लॉगिन करण्याचा कोणताही अधिकार नसावा आणि नेटवर्कवरही उलट दिशेने जोडणी उघडता येऊ नये. मग तुमची एसओसीची यंत्रणा पडली तरी हल्लेखोराला तिथून बॅकअपकडे जाता येणार नाही. शिवाय नोंदी येणे थांबले तर त्याचाच अलर्ट ठेवा, जोखीमदार यांचा पहिला प्रश्न त्यात सुटतो.

तिरकस

आणि मुख्य डोमेन पूर्ण पडलेले असताना त्या स्वतंत्र खात्यांचा दुसरा घटक (पासवर्डशिवाय लागणारा पुरावा) कुठून येणार, हेही पाहा. मंजुरीचा कोड त्याच डोमेनच्या ईमेलवर येत असेल, तर बॅकअप शाबूत राहूनही तुम्ही त्याच्या दाराबाहेर उभे राहाल. हार्डवेअर किल्ल्या दोन ठेवाव्यात, वेगवेगळ्या माणसांकडे, आणि पुनर्स्थापनेची रंगीत तालीम त्याच किल्ल्या वापरून करावी. नोंदीच्या शेवटी पुढच्या तालमीची तारीख टाका.